बॉनेटवरचं कुंकू

माझ्या व्याह्यांनी मला पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी विकली, आणि ती चांगली आहे असं माझ्याच मुलीच्या तोंडून वदवून घेतलं. झालं ते एवढंच. हे मला कुठं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. मुलगी त्यांच्या घरात नांदते. मी इथं पडेगावात तोंड उघडलं, तर त्याची धग पैठणला तिला लागणार.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुकानात बसवत नाही. गिऱ्हाईक भाव विचारतं आणि मी त्याच्यावरच खेकसतो. उठून बाहेर जातो, गाडीचं दार उघडतो, आत वाकून वास घेतो, दार आपटतो, परत गल्ल्यावर येऊन बसतो. समोरचा चहावाला परवा म्हणाला, शेठ, त्या गाडीत काय विसरलंय का तुमचं? त्यालाही शिवी दिली.

माझा धंदाच जुन्या वस्तूंचा आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. शहरात क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला माझं जुन्या फ्रिजचं, कूलरचं, वॉशिंग मशीनचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीवर केली. बंद पडलेले कूलर दारोदार जाऊन गोळा करायचो. बापाचं काही नव्हतं, सासऱ्याचं काही घेतलं नाही. जे शिकलो ते फसत फसत शिकलो, आणि एकदा फसलेल्या जागी परत फसलो नाही. फ्रिज घ्यायचा तर मी आधी दाराच्या रबरात नाक घालतो. माणूस चेहऱ्यानं खोटं बोलेल, रबर बोलत नाही. जी वस्तू पाहिजे तिच्याकडं पहिल्यांदा बघायचंच नाही. भाव ऐकला की हसायचं, ‘राहू द्या’ म्हणायचं आणि चप्पल घालून दारापर्यंत जायचं. दारातून हाक येते. आजवर आली नाही असं क्वचितच झालं. सोयऱ्याधायऱ्यांत कुणाला टीव्ही घ्यायचा असो की म्हैस, मला सोबत नेतात. मी तोंड उघडलं की समोरचा उतरतोच, असा माझा लौकिक आहे.

असल्या माणसानं गाडी घेतली, आणि घासाघीस न करता घेतली. कारण ती व्याह्यांची होती.

मुलीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं झालं. नातू झाला. त्याला दवाखान्यातून घरी आणलं ते रिक्षानं, उन्हात, बायको पदर धरून बसलेली. तेव्हाच तिच्या मनात आलं की आता आपल्याला गाडी पाहिजे. मलाही पटलं. जुन्या गाड्यांच्या चार दुकानांत बघायला लागलो, दोन गाड्यांना नावं ठेवून परत आलो. पुढं मुलीला आणि बाळाला न्यायला व्याही आले, ते नव्या कोऱ्या गाडीतून. आमची गाडीची शोधाशोध चालल्याचं जेवताना निघालं. व्याह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, बाहेर कशाला जाता पाव्हणे, आमची जुनी उभीच आहे, घरातली वस्तू घरात राहील. सगळ्या पंगतीसमोर म्हणाले. भावकी बसलेली, जावई बसलेले. मी भाव विचारला.

“तुमच्या मनाला येईल ते द्या,” व्याही म्हणाले. “लेकीचं घर हाय. तुमच्याशी काय भाव करायचा?”

भाव करणाऱ्या माणसाला याच्याइतकं वाईट वाक्य नाही. समोरच्यानं आकडा सांगितला तर त्याला खाली ओढता येतं. त्यानं आकडाच सांगितला नाही तर काय ओढणार? आणि मुलीच्या सासऱ्याला कमी आकडा सांगणार तरी कोणत्या तोंडानं? उद्या त्यांच्या घरात तेच निघणार, तुझ्या बापानं आमच्या गाडीची काय किंमत केली बघ. शेवटी मी बाजारात दिला नसता एवढा भाव दिला, आणि वर हात जोडले.

पण गाडीबद्दल चौकशी केली नाही असं नाही. मुलगी पैठणला परत गेल्यावर तिला फोन केला. सरळ विचारलं, गाडी कशी आहे गं? ती जरा थांबली. मग म्हणाली, चांगली आहे, घ्या. मला तेवढं पुरलं. जगात कुणाच्या शब्दावर मी डोळे मिटून वस्तू घेईन असं विचारलं असतं, तर मी तिचंच नाव सांगितलं असतं.

गाडी आणायला मी आणि बायको सकाळच्या एसटीनं पैठणला गेलो. वाड्यासमोर गाडी धुऊन पुसून उभी होती. मी सवयीनं बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि इंजिन आधीच तापलेलं असलं तर समजा, थंड असताना ती कशी चालू होते हे तुम्हाला दिसू द्यायचं नाहीये. व्याही म्हणाले, तुम्ही येणार म्हणून पोरगं एक चक्कर मारून आलं. आत वाकलो तर मोगऱ्याच्या अत्तराचा भपकारा, त्यावर अगरबत्ती. एवढा वास कशासाठी? पायाखालचं मॅटिंग नवं, सीटची कव्हरं नवी, आणि स्टिअरिंग मात्र हातानं झिजून गुळगुळीत झालेलं. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून दव धरलं होतं, आणि बाहेर कोरडं ठणठणीत ऊन. मागच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं होतं आणि पैठणच्या खालच्या भागात ते शिरलं होतं, हे मला माहीत होतं. तेव्हा मी फोन करून विचारलंही होतं. घर उंचावर आहे, आपल्याला काय भीती नाय, असं व्याही म्हणाले होते. घर उंचावर आहे हे खरं. त्यांचं खताचं दुकान नदीकडं आहे आणि गाडी दुकानामागच्या शेडमध्ये राहते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

तरी मी आत हात घालून बॉनेटची कळ ओढायला वाकलोच. तेवढ्यात विहीणबाई ताट घेऊन आल्या. गाडी सुनेच्या माहेरी चालली, तिची पाठवणी करायची म्हणाल्या. त्यांनी बॉनेटवर हळद लावली, ओल्या कुंकवानं मोठं स्वस्तिक काढलं, त्यावर अक्षता टाकल्या, हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर दिला. मी तुकडा हातात घेऊन स्वस्तिकाकडं बघत राहिलो. कुंकू ओघळत होतं. आता हे बॉनेट उघडायचं कसं? विहिणीनं आत्ता पूजा केलेली वस्तू तिच्यासमोर हात घालून तपासायची? परक्याची असती तर मी हार काढून खांद्यावर टाकला असता आणि बॉनेट उघडलं असतं.

व्याही हाताची घडी घालून उभे होते. “बघा पाव्हणे, सगळं नीट बघून घ्या. मागून म्हणाल, व्याह्यानं फसवलं.”

सगळे हसले. मीही हसलो.

मुलगी बाळाला घेऊन दारात उभी होती. बायको तिला म्हणाली, ये गं, बस, चौकापर्यंत चक्कर मारून येऊ. बाळ झोपलंय, ती म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर टक्क जागं होतं, माझ्या टोपीकडं बघून पाय झाडत होतं.

येताना बायको खुशीत होती. बिडकीनपर्यंत तिच्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली, तरी वारा छान लागतोय म्हणाली. घरी जाण्याआधी दुकानावरच्या पोरांना गाडी दाखवावी म्हणून मी क्रांती चौकाकडं वळलो. सिग्नलला थांबलो आणि हॉर्न आपोआप सुरू झाला. बंद होईना. बटण दाबलं, ठोकलं, किल्ली काढली, तरी चालूच. मग वायपरही फिरायला लागले. मागचे हॉर्न मारायला लागले, त्यांना वाटलं मी त्यांना मारतोय. शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, “चचा, सुन लिए सब जने. अब क्या उड़ के जाना है?” ट्रॅफिकवाला आला, बंद करा म्हणाला. होत नाही म्हटलं. मग त्यानं चार माणसं लावून गाडी कडेला ढकलवली.

बॅटरीची तार काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बॉनेट उघडलं. स्वस्तिक वाळून आलं होतं, ते माझ्या तळहाताला लागून पुसलं गेलं. बायको म्हणाली, अहो, कुंकू. मी आत बघत होतो. बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ होता आणि त्यात गवताची काडी चिकटलेली. तार उपटली. चौक एकदम शांत झाल्यासारखा वाटला. चालू होतं ते माझं डोकं.

गाडी ओढून घरी आणली आणि आता कुणाची भीड नव्हती, म्हणून बघायला बसलो. ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांना सांगतो, सीटचा पट्टा ओढून बघा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. धुणारा माणूस दिसतो तेवढा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला धूत नाही. मी ओढत गेलो आणि एका जागी पट्ट्याचा रंग बदलला. त्याच्या पुढं मळकट, करडी रेघ, विहिरीच्या भिंतीवर पाण्याची असते तशी. मग सीटच्या खालच्या पट्ट्या बघितल्या, गंजलेल्या. मागं स्टेपनी उचलली. तिच्या खालच्या खोलगट जागेत बोटभर गाळ बसला होता, मऊ, पिठासारखा. त्यात करंगळीच्या नखाएवढा एक शंख होता. गोदावरीचा शंख पडेगावात माझ्या दारात.

मी तसाच पैठणला निघणार होतो. बायको दारात आडवी उभी राहिली. घेतली ती घेतली म्हणाली. लेक आहे तिथं. मी तिला म्हटलं, तुझ्या पदरात गाळ बांधून दिलाय त्यांनी. ती म्हणाली, बांधू द्या, धुता येतो. त्या दिवशी आमच्या घरात जेवण झालं नाही.

पुढं काही दिवसांनी बाळाला झबली-टोपडी न्यायचं निमित्त काढून मी एकटा गेलो. भांडायचं नाही असं ठरवून गेलो. व्याही ओट्यावर बसले होते. चहा आला. मी गाडीच्या हॉर्नची गोष्ट हसत सांगितली, पट्ट्याची सांगितली, शंखाची सांगितली. त्यांचा चेहरा हलला नाही.

“जुन्या वस्तूची कुरकुर असतीच, पाव्हणे,” ते म्हणाले. “तुम्ही तुमच्या फ्रिजची गॅरंटी देता व्हय?”

“देतो,” मी म्हणालो. “आणि पाण्यातला असला तर पाण्यातला म्हणून सांगून विकतो.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग माझ्याकडं न बघता आत हाक मारली, “सूनबाई, जरा बाहेर या.” मुलगी आली. डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली. कडेवर बाळ. व्याह्यांनी तिला विचारलं, “तुमच्या अण्णांनी फोनवर गाडीचं विचारलं होतं ना? काय सांगितलं होतं तुम्ही?”

ती जमिनीकडं बघून म्हणाली, “चांगली आहे म्हणले होते.”

“झालं तर मग,” व्याही मला म्हणाले. “आमचं नाय, घरच्या माणसाचं तरी ऐका. आणि तुमच्यासारख्या पारखी माणसाला आम्ही काय फसवणार? लई हुशार समजलात आम्हाला.”

मी उठलो. उरलेला चहा तसाच राहिला. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो. एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. बस लागलेली होती, तरी बसलो नाही. फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो. एक गेली, दुसरी गेली. वाटत होतं, परत जावं आणि ओट्यावरच त्यांची गचांडी धरावी. मग डोळ्यांसमोर तिचा पदर सारखा करणारा हात यायचा.

तरीही तोवर मला वाटत होतं की तिला माहीत नसेल. दुकानामागच्या शेडमधली गाडी बाईमाणसाला कशी माहीत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

गुढीपाडव्यानंतर ती चार दिवस माहेरपणाला यायची होती. तोवर गाडीची सगळी वायरिंग मी नवी करून घेतली होती, गाडी बरी चालत होती. मी तिला घ्यायला येतो म्हणालो. तर म्हणाली, अण्णा, गाडी आणू नका, मी एसटीनं येते. मी गाडी घेऊन निदान स्टँडवर गेलो. ती गर्दीतून उतरली, एका हातात पिशवी, छातीशी बाळ. मी दार उघडून उभा होतो. ती थांबली.

“रिक्षानं जाऊ, अण्णा.”

माझा पारा चढला. बस म्हणालो, चार लोकांत नखरे करू नको. ती हलली नाही. तिचा आवाज चढला नाही, पण ती म्हणाली, “बाळाला घेऊन मी यात बसणार नाही.”

गाडी तिथंच लावली आणि रिक्षात बसलो. रिक्षा छावणीपर्यंत आली. मग तिनंच सांगितलं. पाणी दुकानात शिरलं तेव्हा गाडी शेडमध्येच होती, पाणी उतरेपर्यंत तशीच पाण्यात राहिली. सीट काढून गच्चीवर आणल्या, कुरडया वाळत घालतात तिथं उन्हात टाकल्या. कव्हरांचा वास जाईना, तेव्हा ती सहा महिन्यांची पोटुशी होती, तरी कव्हरं तिनंच धुतली.

“मग मला फोनवर का नाही सांगितलंस?”

“मामंजी समोर बसले होते,” ती म्हणाली. “फोन स्पीकरवर ठेवायला लावला होता. आधी सांगितलं होतं काय म्हणायचं ते.” मग बाळाची टोपी नीट करत म्हणाली, “मला वाटलं तुम्ही आल्यावर बघालच. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

रिक्षावाल्यानं गाण्याचा आवाज बारीक केला होता. घर जवळ आल्यावर तिनं मला शपथ घातली, आता गाडीचं काही बोलू नका, मला परत जायचंय तिथं. मी शब्द दिला.

तो शब्द मला खातोय. आता ती आठवड्यातून फोन करते, तोही आईला. माझ्याशी बोलायची वेळ आली तर बाळ रडतंय म्हणते. मी विचारतो, कशी आहेस? ती म्हणते, बरी आहे. पूर्वी हे ऐकून मी फोन ठेवून द्यायचो. आता ‘बरी आहे’ म्हणाली की माझ्या कानाला मागचा आवाज ऐकायची सवय लागली आहे. कुणी खाकरतंय का, खुर्ची सरकतेय का, फोन स्पीकरवर आहे का. तिला ताप असेल, तिला कुणी बोललं असेल, तिला घरी यायचं असेल, मला कसं कळणार? फ्रिजच्या रबराला नाक लावता येतं. मुलीच्या ‘बरी आहे’ला काय लावू? बायको म्हणते, उगाच डोक्यात घेता, ती खरंच बरी असेल. असेल. पण मला खात्री पाहिजे, आणि ती खात्री एका माणसानं ओट्यावर बसून माझ्याकडून काढून घेतली.

कालच व्याह्यांचा फोन आला. बाळाचं जावळ काढायचं आहे, सगळ्यांना घेऊन या म्हणाले. आणि हसत म्हणाले, गाडी घेऊनच या पाव्हणे, आता तर गाडी हाय तुमच्याकडं.

मी येणार आहे, पाव्हणे. गाडीचा विषय मी काढणार नाही, मुलीला तसा शब्द दिलाय. गाडी पुरात बुडाली होती, तिचे पैसे तुम्ही जास्त घेतले, वायरिंगपायी मला उधारी करावी लागली, यातलं एक अक्षर काढणार नाही. ते मी धंद्यात सोसलं असं धरीन. तुम्ही मला फसवलंत तर फसवलंत, मी बाजारात बसणारा माणूस आहे. पण फोन तिच्या हातात देऊन तिच्या बापाशी खोटं बोलायला तिला कुणी लावलं? आणि मग तेच खोटं माझ्यासमोर, कडेवर लेकरू असताना, परत एकदा म्हणायला कुणी उभं केलं? जावळाच्या दिवशी पंगत उठली की मी ओट्यावर तुमच्यासमोर बसणार आहे. मुलीला बाहेर बोलवायचं नाही, तिला आतच राहू द्यायचं. याचं उत्तर तुम्ही तुमच्या तोंडानं द्यायचं.